आमीच परत केलाय

तिसगावच्या बाजारपेठेमागच्या आळीत गोरक्ष टेम्पोवाल्याच्या दारात त्या दिवशी मांडव पडला होता. दीड वर्षाच्या ओमचं जावळ होतं. जावळाला मामाची मांडी लागते, म्हणून दिपालीचा धाकटा भाऊ रामहरी आदल्या दिवशीच पुण्याहून आला होता. तो कंपनीत इंजिनियर होता. त्याच्या पायातले बूटसुद्धा दिपालीच्या सासूनं, रतनबाईनं, कोंबड्यांनी घाण करू नये म्हणून उचलून फळीवर ठेवले होते.

जावळ उतरलं, पोर रडून रडून झोपलं, पंगत उठली. मांडवात घरची माणसं, आळीतली चारदोन माणसं पान खात बसली होती. तेवढ्यात गोरक्ष टेम्पोकडं गेला आणि ड्रायव्हरच्या सीटमागून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. ते त्यानं सगळ्यांसमोर दिपालीच्या पुढ्यात धरलं.

"घे. तुझ्यासाठी हाय."

टॉवेल सुटला तसा आतून एक काळा, छोटा लॅपटॉप निघाला. शाळेच्या दप्तरात सहज मावेल एवढा. कडेचा रंग घासून गेलेला, झाकणावर कुणीतरी चिकटवलेलं स्टिकर खरवडून काढल्याची खूण, आणि बटणांवरची दोनतीन अक्षरं पुसून गेलेली.

दिपालीला एकदम आनंद झाला. लग्नाआधीपासून ती स्टँडजवळच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये टायपिंग करायची. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही परीक्षा पास झालेली. ओम झाला आणि ते काम सुटलं. गेल्या महिन्यात नगरच्या एका छापखान्यानं तिला विचारलं होतं, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि क्लासच्या नोट्स घरबसल्या टाईप करून द्याल का? फोनवर हस्तलिखिताचे फोटो येतील, तुम्ही टाईप करून पाठवा. ती गोरक्षला एकदाच म्हणाली होती की घरात मशीन असतं तर जमलं असतं. तो तेव्हा जेवत होता. त्यानं ऐकलं की नाही हेसुद्धा तिला कळलं नव्हतं.

पण ती काही बोलायच्या आत रामहरीनं लॅपटॉप हातात घेतला. उलटा केला, झाकण उघडलं, खालच्या बाजूचं स्टिकर वाचलं आणि हसला.

"दाजी, हा कुठल्या खोदकामात सापडला? मी कॉलेजला होतो तेव्हा आमचे सर असला वापरायचे. ते सर आता रिटायर झाले."

मांडवात हशा पिकला. गोरक्षही हसला. "चालू हाय पन," तो म्हणाला. "मी बघून आनलाय."

"चालू काय, ट्रॅक्टरपण चालूच असतो, दाजी. ताई, तुला खरंच काम करायचंय की पोराला खेळायला पाहिजे हा?"

सगळ्यांनी दिपालीकडं पाहिलं. आळीतल्या बायका, सासू, भाऊ. भावाच्या मनगटावर ते काळं घड्याळ होतं, ज्यावर फोन वाजायचा. दिपालीला त्या क्षणी काय झालं कोण जाणे, आपण भावाच्या बाजूच्या आहोत, कॉम्प्युटर कळणाऱ्यांतल्या आहोत, हे दाखवायची घाई झाली. ती हसली आणि म्हणाली,

"अरे, यांना काय कळतंय त्यातलं? दिसलं सवस्त, आनलं उचलून."

हशा पुन्हा पिकला, आधीपेक्षा मोठा. गोरक्षनं मान हलवली, जणू त्यालाही ते पटलं होतं. मग तो "पान संपलं का काय" असं पुटपुटत आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. टॉवेल तिथंच सतरंजीवर पडला होता.

"मी पाठवतो तुला एक चांगला," रामहरी बहिणीला म्हणाला. "आमच्या ऑफिसचे निघतात. पुढच्या आठवड्यात कुरियर करतो."

दुसऱ्या दिवशी तो गेला. कुरियर कधी आलं नाही, ते पुढचं. पण दिपालीनं त्या दुपारीच, सासू पोराला घेऊन शेजारी गेल्यावर, तो काळा लॅपटॉप दिवाणावर घेऊन उघडला.

बटण दाबून तिनं चहाचं आधण ठेवलं. आधणाला बुडबुडे यायच्या आत पडदा उजळला होता. आतली डिस्क कुणीतरी नवी बसवलेली होती, हे तिला लगेच कळलं. तिनं मराठी कीबोर्ड सुरू केला आणि बोटं ठेवली. बटणं खोल जात होती आणि परत वर येताना बोटाला हलकासा धक्का देत होती. असली बटणं तिनं सेंटरमध्येही वापरली नव्हती. तिथल्या बटणांवर बोट आपटावं लागायचं, इथं नुसतं टेकवलं की अक्षर उमटत होतं. पुसलेल्या अक्षरांचं तिला काही नव्हतं, ती बघून टाईप करतच नव्हती.

मग तिनं त्याचे दोषही शोधले, अगदी मन लावून. पडदा लहान होता, अख्खं पान एका वेळी दिसत नव्हतं, सारखं वर-खाली सरकवावं लागायचं. दारात उजेडाला बसलं की अक्षरं फिकी पडायची. एकाच वेळी पाचसहा गोष्टी उघडल्या की मशीन अडखळायचं आणि पंखा घरघरायचा. भावाला व्हिडिओ कॉल लावून बघितला तर स्वतःचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसला. तिनं तो कॉल लागायच्या आतच बंद केला. पण लिहायला, मेल पाठवायला, चार पानं वाचायला, एखादा फॉर्म भरायला त्यात काहीही कमी नव्हतं. तिसगावात दुपारची लाईट जाते. लाईट गेली, ती टाईप करत राहिली. लाईट परत आली तेव्हाही ती टाईपच करत होती. छापखान्यानं नमुना म्हणून पाठवलेली सातवीच्या विज्ञानाची प्रश्नपत्रिका तिनं एका बैठकीत संपवली आणि पाठवून दिली. तासाभरात उत्तर आलं, काम छान आहे, पुढचं पाठवतो.

हे सगळं गोरक्षला सांगायचं होतं. नुसतं "चांगला हाय" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण ते म्हणायचं तर आधी मांडवातलं वाक्य मागं घ्यावं लागणार, आणि ते वाक्य आठवलं की तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. तो आला की ती लॅपटॉप मिटून फळीवर ठेवायची. त्यानंही एकदाच विचारलं, फार हळू, "चालतंय का?" ती भाकरी थापत होती. "बघते अजून," ती म्हणाली. त्याला दुसरं काही विचारायचं होतं असं वाटलं, पण तो हात धुवायला गेला.

एका संध्याकाळी फळी मोकळी दिसली.

"दिलं परत," गोरक्ष म्हणाला. तो कांद्याची खेप टाकून नगरहून आला होता, पाय धूत होता. "दुकानदार म्हनलाच हुता, पटलं न्हाई तर महिन्यात आना. रामहरी पाठवनार हाय ना चांगला. कशाला दोन दोन."

आता तोंड उघडलं नाही तर कधी उघडणार, असं दिपालीच्या मनात येत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. "बरं केलं," असं ती म्हणाली आणि आत गेली. आत गेल्यावर तिला स्वतःचा एवढा राग आला की चुलीपुढं ती उगाच बसून राहिली.

छापखान्याचं काम फोनवर येऊन पडलं होतं. रामहरीला फोन केला तर तो मीटिंगमध्ये होता. दुसऱ्यांदा केला तर म्हणाला, "हो गं ताई, बघतो." शेवटी एके सकाळी तिनं पोराला सासूकडं दिलं, छापखान्यात काम आहे असं सांगितलं आणि एसटीनं नगरला गेली. सेंटरमधल्या टायपिंगचे पैसे बाजूला टाकलेले होते, ते बरोबर घेतले. तो लॅपटॉप परत विकत घ्यायचा, घरी आणायचा आणि मगच तोंड उघडायचं, असं तिनं ठरवलं होतं. वस्तू हातात असली की बोलायला सोपं जाईल, असं तिला वाटत होतं.

दुकान माळीवाड्याच्या स्टँडपासून फार लांब नव्हतं. जुने कॉम्प्युटर, प्रिंटर, वायरींची भेंडोळी, आणि काचेच्या काउंटरवर उघडे ठेवलेले लॅपटॉप. ती आत शिरली आणि थबकली. तिचाच लॅपटॉप काउंटरवर होता आणि त्याच्यापुढं दोन बायका उभ्या होत्या. एक पन्नाशीची, उन्हानं रापलेली, डोक्यावर पदर, दुसरी अठरा-एकोणीस वर्षांची तिची मुलगी, खांद्याला कापडी पिशवी. दुकानदार मागच्या खोलीत चार्जर शोधत होता.

मुलगी झाकणावरून हात फिरवत होती. तिला तो आवडला होता. हे दिपालीला दुकानाच्या दारातूनच कळलं.

बाईनं दिपालीकडं पाहिलं. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात मोबाईल.

"बाई, तुमी शिकल्यासवरल्या दिसता," ती म्हणाली. "जरा बघता का हे? ही माझी सृष्टी. इथं नर्सिंगला नंबर लागलाय हिचा. वर्गातल्या सगळ्या पोरींकडं हाय. आमी जामखेडजवळच्या खर्ड्याचं. उद्या-परवा आमी कारखान्याव ऊस तोडायला जानार, मग सा म्हयनं गावाकडं येनं न्हाई. म्हनलं जायच्या आत हिला घेऊन द्यावं. पन आमाला कुठं कळतंय चांगलं का वाईट."

दिपाली काउंटरजवळ आली. पुढं जे झालं त्यावर तिनं नंतर पुष्कळ विचार केला, पण तेव्हा तिनं विचार केलाच नव्हता. शब्द आपोआप आले.

"हा?" ती म्हणाली. "हा आमीच परत केलाय मागच्या आठवड्यात."

हे खरंच होतं. इथं थांबली असती तरी चाललं असतं.

"का वं? काय निघालं?"

"बॅटरी धरत न्हाई. लाईट गेली की बंद पडतो."

सृष्टीचा हात झाकणावरून मागं आला. तिनं आईकडं पाहिलं. आईनं दिपालीचा हात धरला, आपल्या खरबरीत हातात घट्ट.

"बरं झालं बाई तुमी भेटल्या. न्हाई तर आमी नेलाच असता. हॉस्टेलला लाईट जाती म्हनं सारखी." मग मुलीला म्हणाली, "चल, दुसरीकडं बघू. न्हाई तर राहू दे, बाई, पुढच्या साली घेऊ."

सृष्टीनं झाकण हळूच मिटलं. जाताना दारात वळून तिनं एकदा पाहिलं, दिपालीकडं नाही, लॅपटॉपकडं.

दुकानदार चार्जर घेऊन बाहेर आला. "त्या मायलेकी कुठं गेल्या?"

"गेल्या," दिपाली म्हणाली. "मला पाहिजे हा. तिसगावचे गोरक्ष टेम्पोवाले, त्यांची मी मिसेस."

दुकानदाराचा चेहरा खुलला. "अहो, मग परत कशाला केला? तुमचे मिस्टर तीनदा आले होते या मशीनसाठी. दुकानातल्या सगळ्या मशिनींची बटणं दाबून बघितली त्यांनी. मला म्हणाले, बायको दिवसभर बोटं चालवनार, कडक बटनाचा नको. याच्यापेक्षा मोठे होते, चकचकीत होते, स्वस्तही होते. नाही म्हणाले. हाच." तो हसला. "परत आणला तेव्हा मी विचारलं, काय खराबी आहे? तर म्हणाले, मशीनमदी न्हाई काय, घरी पटलं न्हाई."

दिपालीनं मान वर केली नाही. पैसे दिले, लॅपटॉप पर्सच्या बाजूच्या पिशवीत ठेवला आणि बाहेर पडली. रस्त्याच्या पलीकडं रसवंतीच्या सावलीला माणसं उभी होती. तिचे डोळे आपोआप डोक्यावरच्या पदराचा शोध घेऊ लागले. ती स्टँडवर गेली. जामखेडची गाडी आत्ताच सुटल्याचं कंट्रोलरनं सांगितलं. ऐकून तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून तिथल्या सिमेंटच्या बाकावर बसून ती रडली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोन गेलं का गं, बाय?" तिनं नुसती मान हलवली.

गाडीत ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. घरी जाऊन गोरक्षच्या पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचं, हा बघा, आणला परत, चांगला आहे हा. एवढ्यानं सगळं मिटलं असतं. पण बाईचा हात तिच्या मनगटावरून जात नव्हता. वसुलीला आलेल्या माणसासारखी ती बाई मनात उभी राहिली असती तर बरं, पण ती तर तिचे आभार मानत उभी होती.

गोरक्ष अंगणात टेम्पोचं चाक बदलत होता. दिपालीनं पिशवी त्याच्यापुढं ठेवली.

"परत आनला," ती म्हणाली. "चांगला हाय हा. पैल्या दिवसापासून चांगला हाय. मी सांगितलं न्हाई."

गोरक्षनं पाना खाली ठेवला. लॅपटॉप पाहिला. त्याच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं.

"अजून हाय," दिपाली म्हणाली आणि तिनं दुकानातलं सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. सांगताना ती त्याच्या हातांकडं बघत होती, ग्रीसनं काळे झालेले हात.

हसू अर्ध्यावरच राहिलं. त्यानं पाना पुन्हा उचलला.

"तुला इचारलं व्हय तिनं? बघून सांगा म्हनून?"

"व्हय."

"आन् तू आसं सांगितलंस."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं चाकाचे नट आवळले, एकेक करून, आणि शेवटचा आवळून झाल्यावर म्हणाला, "खर्ड्याची म्हनली ना? उद्या मला भाडं न्हाई. जाऊ सकाळी."

"त्या निघून गेल्या आसल्या तर?"

"गेल्या आसल्या तर गेल्या. जाऊ तरी."

सकाळी ओमला सासूकडं ठेवून दोघं निघाले. खर्ड्यात किल्ल्याच्या तटाजवळ टेम्पो उभा करून गोरक्षनं दोघातिघांना विचारलं, "पोरगी नर्सिंगला हाय ती बाई कुठं राहती?" एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "चांगुणाबाई व्हय? वस्तीव जा. पन लवकर जा, ट्रॅक्टर लागलाय त्यांचा."

वस्तीवरची निम्मी घरं आधीच कुलपं घालून बसली होती. रस्त्याकडेला दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उभा होता आणि त्यात संसार चढत होते. बाजरीच्या पिठाची पोती, पत्र्याच्या पेट्या, झोपडीचे बांबू, एका पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या. सृष्टी एका गाठोड्यावर बसून दोरी बांधत होती. चांगुणाबाईनं टेम्पोतून उतरणाऱ्या दिपालीला आधी ओळखलंच नाही, आणि ओळखलं तेव्हा तिचं तोंड भरून हसू आलं.

"अगं बाई! नगरच्या दुकानातल्या ना तुमी? सृष्टे, पानी आन. बसा, बसा. चूल मोडली बाई, न्हाई तर च्या टाकला असता."

सृष्टीनं तांब्या आणला. दिपालीनं तो घेतला नाही.

"पानी नको," ती म्हणाली. "मी काल खोटं बोलले. त्याची बॅटरी चांगली हाय."

ट्रॅक्टरचं इंजिन सुरू होतं. चांगुणाबाईनं कानाला हात लावला. "काय म्हनता?"

ते पुन्हा म्हणावं लागणार होतं, आणि इंजिनाच्या वर म्हणावं लागणार होतं. ट्रॉलीवर उभा असलेला चांगुणाबाईचा नवरा आसाराम हातातलं पोतं तसंच धरून ऐकत होता. शेजारच्या बायका जवळ आल्या होत्या. गोरक्ष टेम्पोजवळ उभा होता, पुढं आला नाही, आणि तो पुढं आला नाही हे बरोबरच होतं.

"मी खोटं बोलले!" दिपाली ओरडून म्हणाली. "लॅपटॉप चांगला हुता. मला पायजे हुता म्हनून मी वाईट सांगितला. तुमी गेल्यावर मी घेतला. हा बघा."

तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला. कुणीच हात पुढं केला नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, बहुधा काय चाललंय ते ऐकायला.

चांगुणाबाईच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. कुठं ठेवावं ते न कळल्यासारखं ते थोडा वेळ तसंच राहिलं.

"आमी तर तुमच्या शब्दाव उठलो, बाई," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "गाडीत रस्ताभर हिला सांगत आले. म्हनलं, बघ पोरी, वळख ना पाळख, पन एक भली बाई भेटली म्हनून आपलं नुकसान वाचलं."

दिपालीला वाटलं, आता खाली बसावं. पण बसण्यासारखं तिथं काही नव्हतं, सगळं गाठोड्यांत बांधलेलं होतं.

"हा सृष्टीसाठी आनलाय," ती म्हणाली. "घ्या."

चांगुणाबाईनं मुलीकडं पाहिलं. सृष्टी उठली, लॅपटॉप घेतला आणि पुन्हा गाठोड्यावर बसली. झाकण उघडलं.

"चार्जर नको," ती म्हणाली. दिपाली पिशवीतून चार्जर काढत होती, तिचा हात थांबला. "तसाच बघते."

पडदा उजळला. सृष्टीनं पहिल्या ओळीपासून एकेक बटण दाबायला सुरुवात केली. एक सोडलं नाही. दिपालीला म्हणावंसं वाटलं की बटणं फार चांगली आहेत, पण आपल्या शब्दाला आता इथं काही भाव नाही हे तिला कळत होतं. सृष्टीनं झाकण मिटून पुन्हा उघडलं, मोबाईलवरून नेट जोडलं, कॉलेजची पानं उघडली, एक व्हिडिओ लावला, त्याच वेळी लिहून बघितलं.

"अडकतोय," ती म्हणाली.

"हो. एकदम लई गोष्टी उघडल्या की अडकतो," दिपाली म्हणाली. "उन्हात नीट दिसत न्हाई. कॅमेरा वाईट हाय. व्हिडिओवर तास आसला तर तोंड नीट दिसनार न्हाई. लिहायला-वाचायला मात्र चांगला."

"खरं का?" सृष्टीनं मान वर करून विचारलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती चौकशी होती, आणि ती दिपालीला जास्त झोंबली.

"खरं."

सृष्टीनं व्हिडिओ चालूच ठेवला आणि लॅपटॉप गाठोड्यावर ठेवून उरलेली दोरी बांधायला गेली. बॅटरी किती वेळ धरते ते तिला बघायचं होतं. आसारामनं पोती चढवली, बायांनी पेट्या दिल्या, कोंबड्यांची पाटी वर गेली. गोरक्ष न सांगता पुढं झाला आणि बांबूचं एक टोक धरून आसारामला चढवू लागला. दिपाली त्या उघड्या लॅपटॉपजवळ उन्हात उभी राहिली. कुणी तिला बस म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. येणारी जाणारी बाई एकदा व्हिडिओकडं बघायची आणि एकदा तिच्याकडं.

सगळं सामान चढून झालं तरी व्हिडिओ चालू होता. सृष्टी हात पुसत आली, खालच्या कोपऱ्यातला आकडा वाचला.

"घेऊ आपन, आई," ती म्हणाली.

चांगुणाबाईनं कमरेची पिशवी सोडली. दिपाली मागं सरली. "नको, पैशे नको. मी तुमच्यासाठी—"

"फुकट दिलं म्हंजी तुमचं मन हलकं व्हईल," चांगुणाबाई म्हणाली. "आमचं काय? दुकानात जी किंमत सांगितली हुती तीच घ्या."

दिपालीनं पैसे घेतले. चांगुणाबाईनं तिच्या हातावर ठेवले, पण या वेळी हात धरला नाही. मग ती चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढली, मुलीला वरूनच दोन सूचना केल्या आणि तोंड कारखान्याच्या दिशेला करून बसली. ट्रॅक्टर निघाला. सृष्टी धूळ खाली बसेपर्यंत रस्त्यात उभी होती, लॅपटॉप आणि चार्जर छातीशी धरून. गोरक्षनं तिला विचारलं, नगरपर्यंत टेम्पोतून सोडू का? ती म्हणाली, नको, एसटीनं जाईन.

परतीला जामखेड जवळ आलं तेव्हा दिपाली म्हणाली,

"त्या दिवशी मांडवात मी सगळ्यांम्होरं तुमाला जे बोलले..."

गोरक्षनं गिअर बदलला. "लागलं मला ते," तो म्हणाला. "रामहरीचं न्हाई लागलं. तो पोरगा हाय, पुन्याचा. तुझं लागलं. लई लागलं."

त्यानं जाऊ दे असं म्हणावं म्हणून ती थांबली. तो म्हणाला नाही. रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिला.

जामखेडला चहाच्या टपरीपाशी त्यानं टेम्पो बाजूला घेतला. दोन चहा सांगितले. दिपालीनं पर्समधून फोन काढला आणि रामहरीला लावला. स्पीकर सुरू केला आणि फोन टपरीच्या फळीवर, दोन ग्लासांच्या मधे ठेवला. पहिल्यांदाच त्यानं लगेच उचलला.

"बोल गं ताई. ते कुरियरचं राहिलंच बघ, अजून—"

"ते नको पाठवू," ती म्हणाली. "मी त्यासाठी नाही केला फोन. तू जावळात दाजींच्या लॅपटॉपला हसलास, आणि मी तुझ्यापेक्षा वाईट बोलले. तो चांगला होता, रामहरी. त्यांनी नीट पारखून आणला होता. मला ते कळत होतं तरी मी बोलले."

पलीकडं ऑफिसातलं कुणीतरी हसत होतं.

"कुठला लॅपटॉप?" रामहरी म्हणाला.

गोरक्षनं चहाचा ग्लास उचलला आणि पाठ वळवून रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. पण तो लांब गेला नाही. टपरीवर उसाच्या गाड्यांची वाट बघत बसलेली चार माणसं होती, ती ऐकत होती. दिपालीनं फोन थोडा जवळ ओढला, आणि त्या सगळ्यांच्या देखत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.